भाज्य, भाजक, भागाकार, बाकी: नावं पाठ असूनही गणित का चुकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चौथीत आहे. पाढे चांगले पाठ आहेत, 'भाज्य = भाजक × भागाकार + बाकी' हे सूत्रही घडाघडा म्हणते. पण शाब्दिक उदाहरणात भाज्य कोणतं आणि भाजक कोणता असं विचारलं की अडते, ६१२ ÷ ६ चं उत्तर १२ लिहिते, आणि मधूनच बाकी भाजकापेक्षा मोठी ठेवते. सूत्र आणखी घोकून घ्यावं का?

नको. सूत्र पक्कं झालेलंच आहे. या तीन चुकांपैकी एकीचाही पाठांतराशी संबंध नाही. पहिली चूक होते ती भाज्य-भाजक त्यांच्या जागेवरून ओळखायची सवय लागल्यामुळे. दुसरी होते अंकाची स्थानिक किंमत हातून निसटल्यामुळे. तिसरी होते ती बाकीवर असलेली एक अट माहीत नसल्यामुळे. ही अट सूत्रात लिहिलेली नसते, म्हणून ती पाठही होत नाही, आणि खरं तर सगळा भागाकार तिच्याच जोरावर चालतो.

आधी नावं. ४७ लाडू ६ डब्यांत सारखे भरायचे आहेत. प्रत्येक डब्यात ७ जातात, ५ उरतात. आता दुसरं उदाहरण: ४७ लाडू आहेत, एका डब्यात ६ याप्रमाणे भरायचे आहेत. ७ डबे भरतात, ५ लाडू उरतात. आकडेमोड दोन्हीकडे तीच. ४७ हे भाज्य, ६ हा भाजक, ७ हा भागाकार, ५ ही बाकी. पण पहिल्या उदाहरणात ६ हे डबे होते आणि ७ हे लाडू. दुसऱ्यात ६ हे लाडू झाले आणि ७ हे डबे. म्हणजे भाजक कधी 'किती वाटे करायचे' हे सांगतो, तर कधी 'एक वाटा केवढा' हे सांगतो, आणि यांपैकी जे दिलेलं नसतं ते भागाकार सांगतो.

मुलांना बहुतेक वेळा फक्त पहिला प्रकार, म्हणजे वाटणी, शिकवला जातो. मग 'एका पाकिटात ६ पेन्सिली, तर ४७ पेन्सिलींची किती पाकिटं होतील?' असं विचारलं की वाटायचं कुणाला हेच सापडत नाही, आणि मूल सरळ गुणाकार करून मोकळं होतं. म्हणून उदाहरणं जोडीनं द्या. आकडे तेच ठेवा, गोष्ट बदला. उत्तर आल्यावर प्रत्येक संख्येपुढे ती कशाची आहे ते लिहायला लावा: ४७ लाडू, ६ डबे, दर डब्यात ७ लाडू, बाकी ५ लाडू. हे चार-पाच उदाहरणांत केलं की एक गोष्ट आपोआप दिसते. बाकी नेहमी भाज्याच्याच जातीची असते. लाडू भागले तर लाडूच उरतात, डबे कधी उरत नाहीत. 'बाकी ५ डबे' असं वहीत आलं तर आकडेमोड बरोबर असूनही उदाहरण कळलेलं नाही असं समजा.

शाब्दिक उदाहरण नसून नुसती सूचना असेल, तर मराठीत मोठी सोय आहे. ज्याला 'ला' लागतो ते भाज्य, ज्याला 'ने' लागतो तो भाजक. '४७ ला ६ ने भागा' म्हणा किंवा '६ ने ४७ ला भागा' म्हणा, आकड्यांचा क्रम उलटला तरी प्रत्यय हलत नाहीत. मुलीला हे प्रत्यय पेन्सिलीनं गोल करायला लावा, दोन दिवसांत गोंधळ कमी होईल.

जागेवर मात्र विसंबू नये, कारण जागा मांडणीप्रमाणे बदलते. ४७ ÷ ६ असं लिहिलं तर भाजक नंतर येतो. तेच उदाहरण कंसाच्या मांडणीत घेतलं तर भाजक आधी, डाव्या हाताला येतो. अपूर्णांकाच्या रूपात तो खाली जातो आणि त्याला छेद म्हणतात. 'पहिली ती भाज्य' असं मनात धरलेलं मूल ४७ ÷ ६ बघून कंसाची मांडणी करताना ४७ डावीकडे टाकतं ते यामुळेच. भागाकार लिहायच्याही दोन पद्धती आहेत: काही जण उजव्या कंसाबाहेर लिहितात, काही जण भाज्याच्या डोक्यावर. दोन्ही बरोबर. पण शिकण्याच्या काळात डोक्यावर लिहिण्याची पद्धत जास्त उपयोगी पडते. का, ते ६१२ च्या उदाहरणात दिसेल. शाळेत दुसरी चालत असेल तर घरी वेगळी लादू नका, नुसते शतक-दशक-एककाचे रकाने आखून द्या.

'मोठी संख्या ती भाज्य, लहान तो भाजक' असा एक शॉर्टकट सर्रास सांगितला जातो. तो सांगू नका. तिसरी-चौथीत तो चालतो, कारण तिथली उदाहरणंच तशी बेतलेली असतात. पुढे ३ भाकऱ्या ४ जणांत वाटायची वेळ आली की याच नियमामुळे मूल ४ ÷ ३ करतं. अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांकांत जे हाल होतात, त्यातले बरेच इथून सुरू होतात. लहान भाज्य घेऊन एखादं उदाहरण आत्ताच करून घ्या: ५ ला ८ ने भागा. भागाकार ०, बाकी ५. एकही पूर्ण वाटा झाला नाही, जे होतं ते सगळं उरलं. ताळा: ८ × ० + ५ = ५.

आता ती अट. ४७ = ६ × ७ + ५ हे खरंच. पण ४७ = ६ × ६ + ११ हेही खरं आहे. ४७ = ६ × ५ + १७ हेही. सूत्रात बसवून बघा, तिन्ही बसतात. मग भागाकार ७ च का म्हणायचा, ६ किंवा ५ का नाही? कारण बाकी भाजकापेक्षा लहान असलीच पाहिजे. ११ लाडू हातात उरले असतील तर सहाही डब्यांत आणखी एकेक टाकता येतो, म्हणजे वाटणी संपलेलीच नाही. ५ उरल्यावर मात्र सगळ्यांना सारखं देता येत नाही, तिथे थांबावंच लागतं. तेव्हा पूर्ण वाक्य असं: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, आणि बाकी ० किंवा त्याहून मोठी, पण भाजकापेक्षा लहान. भाजक ६ असेल तर बाकी ०, १, २, ३, ४, ५ यांपैकीच एक. भाजकाएवढीसुद्धा चालत नाही. भाजकाएवढी बाकी उरली याचा अर्थ भाग एकानं कमी लागला.

हे अंगवळणी पाडायला एक साधा सराव पुरतो. ४० पासून ५० पर्यंत प्रत्येक संख्येला ६ ने भागायचं आणि फक्त बाकी एका ओळीत लिहीत जायची:

४, ५, ०, १, २, ३, ४, ५, ०, १, २

भाज्य एकानं वाढलं की बाकी एकानं वाढते. ती ६ व्हायला गेली की शून्यावर येते आणि भागाकार एकानं चढतो. ही ओळ स्वतःच्या हातानं लिहिलेलं मूल '६ ने भागून बाकी ८' असं सहसा लिहीत नाही. नंतर भाजक ७ घेऊन हेच करा, मग ९ घेऊन. प्रत्येक वेळी आधी विचारा: सगळ्यात मोठी बाकी किती येईल?

भाजक आणि भागाकार यांची अदलाबदल का चालत नाही हेही या अटीतूनच कळतं. सूत्रात ते दोघे गुणाकारानं जोडलेले आहेत, आणि २८ × १२ काय, १२ × २८ काय, सारखंच. म्हणून मुलांना वाटतं, कुणालाही काहीही म्हणावं. ३५४ = २८ × १२ + १८ हे घ्या. २८ ला भाजक म्हटलं तर भागाकार १२, बाकी १८. १८ ही २८ पेक्षा लहान, सगळं ठीक. १२ ला भाजक म्हटलं तर बाकी १८ ही १२ पेक्षा मोठी होते, तेव्हा ते चालणार नाही. ३५४ ला १२ ने भागल्यावर खरं उत्तर भागाकार २९, बाकी ६ असं येतं. परीक्षेतही या अटीवर प्रश्न बेतलेले असतात: 'भाज्य १००, भागाकार ९, बाकी १०, तर भाजक किती?' १०० वजा १० म्हणजे ९०, भागिले ९, म्हणजे १०. मुलं १० लिहून पुढे जातात. पण भाजक १० असताना बाकी १० असूच शकत नाही, तेव्हा असा भागाकार होतच नाही.

लिहिण्याच्या एका सवयीबद्दलही सांगतो. '१५ ÷ २ = ७ बाकी १' आणि '२२ ÷ ३ = ७ बाकी १' असं बरोबरचं चिन्ह देऊन लिहिलं, तर १५ ÷ २ आणि २२ ÷ ३ सारखेच आहेत असा अर्थ निघतो. ते सारखे नाहीत; एक साडेसात आहे, दुसरं सात पूर्णांक एक तृतीयांश. त्यापेक्षा 'भागाकार ७, बाकी १' असं शब्दांत लिहावं, किंवा १५ = २ × ७ + १ अशी ओळ मांडावी. ही ओळ मांडली की ताळाही तिथेच होऊन जातो.

आता ६१२ ÷ ६ = १२ कडे येऊ. हा या सगळ्यातला महत्त्वाचा भाग आहे, कारण ही चूक हुशार मुलांचीही होते आणि 'शून्य विसरू नकोस' एवढं सांगून ती सुधारत नाही.

खेळातल्या नोटा घ्या: शंभराच्या ६, दहाची १ आणि एक रुपयाची २ नाणी. सहा जणांत सारखी वाटणी करायची.

शंभराच्या ६ नोटा सहा जणांत: प्रत्येकी १. शतकाच्या घरात १ लिहा. उरलं काही नाही.
दहाची १ नोट सहा जणांत: कुणालाच देता येत नाही. प्रत्येकाला दहाच्या ० नोटा मिळाल्या, म्हणून दशकाच्या घरात ०. उरली १ नोट.
ती दहाची नोट मोडा. दहा सुटे आले, हातात दोन होते, झाले १२. सहा जणांत प्रत्येकी २. एककाच्या घरात २. उरलं काही नाही.

प्रत्येकाच्या हातात शंभराची एक नोट आणि दोन रुपये, म्हणजे १०२. आपण 'अंक खाली घ्यायचा' म्हणतो, तेव्हा होतं ते हेच: उरलेली मोठी नोट मोडायची आणि आधीच्या सुट्यांत मिळवायची.

मग मूल शून्य का गाळतं? कारण ते एक बरोबर नियम चुकीच्या जागी वापरतं. १५२ ÷ ६ करताना आपण म्हणतो, 'एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून पंधरा घ्या,' आणि वर काहीच लिहीत नाही. ते बरोबर आहे, कारण संख्येच्या सुरुवातीला लिहिलेल्या शून्याला किंमत नसते. ०२५ आणि २५ एकच. मूल हे वाक्य लक्षात ठेवतं आणि ६१२ मध्येही तेच म्हणतं: 'एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून बारा घ्या.' पण इथे शतकाच्या घरात १ आधीच बसलेला आहे. दशकाचं घर रिकामं सोडलं की पुढचा २ सरकून १ ला खेटतो आणि शतकातला १ दशकात उतरतो. म्हणून नियम दोन तुकड्यांत सांगावा. पहिला भाग लागेपर्यंत वर काही लिहायचं नाही. एकदा भाग लागला की त्यानंतर खाली घेतलेल्या प्रत्येक अंकासाठी वर एक अंक आलाच पाहिजे, मग तो शून्य का असेना.

भागाकार भाज्याच्या डोक्यावर लिहिण्याचा फायदा इथे आहे. ६ च्या वर १, १ च्या वर ०, २ च्या वर २. रिकामं घर डोळ्यांना दिसतं. उजवीकडे लिहिताना ते दिसत नाही, कारण तिथे अंक नुसते एकापुढे एक येत जातात.

दुसरा उपाय म्हणजे भागायच्या आधीच भागाकारात किती अंक येणार ते ठरवणं. ६१२ ÷ ६: ६ शतकांना ६ चा भाग जातो, म्हणजे भागाकार शतकापासून सुरू, म्हणजे तीन अंकी. तीन रेघा आधीच मारून ठेवायच्या. १५२ ÷ ६: १ शतकाला जात नाही, १५ दशकांना जातो, म्हणून दोन रेघा. या सवयीला अर्धा मिनिट लागतो आणि शेवटचं शून्य गाळण्याची चूकही तिच्यामुळेच सापडते. ४२०३ ÷ ७ बघा. ४२ शतकांना सात सक बेचाळीस, ६ शतकं. ० दशकांना ०. ३ एककांना ०. भागाकार ६००, बाकी ३. मुलं '६ बाकी ३' किंवा '६० बाकी ३' लिहून थांबतात. तीन रेघा आधी मारलेल्या असतील तर दोन रिकाम्या राहिलेल्या दिसतात. ताळा: ७ × ६०० + ३ = ४२०३.

बाकीची अट फक्त शेवटी तपासायची नसते हेही इथेच सांगायला हवं. लांब भागाकार म्हणजे लहान-लहान भागाकारांची साखळी. ६१२ मध्ये भाजक शेवटपर्यंत ६ च राहिला, पण त्या-त्या पायरीचं भाज्य बदललं: ६, मग १, मग १२. प्रत्येक पायरीची स्वतःची बाकी असते आणि तिलाही तीच अट लागू. ती मोडली तर काय होतं ते ७८ ÷ ३ मध्ये बघा. ७ दशकांना ३ चा भाग २ वेळा जातो, पण मुलानं १ च लावला. बाकी ४ दशकं. इथेच थांबायला हवं होतं, कारण ४ ही ३ पेक्षा मोठी आहे. पण मूल पुढे जातं, ८ खाली घेतं, ४८ ला ३ ने भागून १६ काढतं आणि १ शेजारी १६ लिहितं: ११६. गंमत अशी की त्याची वाटणी चुकलेली नाही. १ दशक आणि १६ एकक म्हणजे २६, आणि ७८ ÷ ३ = २६ च आहे. फक्त एककाच्या एका घरात दोन अंक कोंबले गेले. वहीत भागाकार भलताच मोठा दिसला तर आधी हीच जागा तपासा.

दोन अंकी भाजक आला की पाढा कामाला येत नाही आणि अंदाज करावा लागतो. १५१२ ÷ २८ घेऊ. १ ला नाही, १५ ला नाही, १५१ दशकांना जातो. म्हणजे भागाकार दोन अंकी. २८ ऐवजी ३० धरा: तीस पंचे दीडशे, म्हणून ५ लावा. २८ × ५ = १४०, बाकी ११. ११ ही २८ पेक्षा लहान, पुढे जा. २ खाली घेतला, ११२. पुन्हा ३० धरलं तर ३ वेळा. २८ × ३ = ८४, ११२ − ८४ = २८. बाकी भाजकाएवढीच आली! म्हणजे अंदाज एकानं कमी पडला, ४ लावा. २८ × ४ = ११२, बाकी ०. भागाकार ५४. भाजक वरच्या दशकाला नेऊन अंदाज केला तर तो कमी पडू शकतो, आणि ते बाकी मोठी येण्यावरून कळतं. खालच्या दशकाला, म्हणजे इथे २० ला, नेला तर अंदाज जास्त होऊ शकतो, आणि मग वजाबाकीच होत नाही. दोन्ही खुणा मुलांना सांगून ठेवा म्हणजे खोडरबर उचलायची भीती वाटत नाही. समासात भाजकाचे २८, ५६, ८४, ११२ असे चार-पाच गुणाकार लिहून घेतले तरी हरकत नाही. ती कमीपणाची खूण नाही.

भाज्य आणि भाजक दोन्हींच्या शेवटी शून्यं असली तर ती सारखी कापता येतात. युक्ती जुनीच आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) भागाकाराचा नियम सांगताना तिथेच म्हटलंय की शक्य असेल तर हार, म्हणजे आपला भाजक, आणि भाज्य दोन्ही एकाच संख्येनं लहान करून घेऊन मग भागावं. भागाकार बदलत नाही. पण बाकी बदलते, आणि इथे मोठी माणसंही फसतात. १३०० ÷ ४०० मध्ये दोन-दोन शून्यं कापली की १३ ÷ ४: भागाकार ३, बाकी १. खरी बाकी १ नाही, १०० आहे. १३०० रुपयांत ४०० रुपयांच्या ३ वस्तू आल्या तर हातात शंभर रुपये उरतात. जेवढ्यानं लहान केलं तेवढ्यानं बाकीला परत गुणायचं.

बाकी काढून झाली, आता तिचं करायचं काय? हे उदाहरण ठरवतं, आकडे नाही. ४७ मुलं सहलीला न्यायची, एका जीपमध्ये ६ बसतात, तर जीप ८ लागतील. भागाकार ७ असला तरी उरलेल्या ५ जणांना मागे ठेवता येत नाही. ४७ मीटर दोरीचे ६-६ मीटरचे तुकडे मात्र ७ च होतील. ४७ रुपये ६ जणांत वाटले तर प्रत्येकी ७ रुपये ८३ पैसे आणि वर २ पैसे उरतील. आज मंगळवार असेल तर १०० दिवसांनी कोणता वार? १०० = ७ × १४ + २. इथे भागाकाराशी देणंघेणंच नाही, बाकी २ हेच उत्तर: गुरुवार. शाब्दिक उदाहरण सोडवल्यावर शेवटचं वाक्य पूर्ण लिहायला लावा. '८ जीप लागतील' असं लिहिताना विचार करावा लागतो. 'उत्तर ७, बाकी ५' लिहिताना लागत नाही.

पाचवी-सहावीच्या तोंडावर आणखी एक चूक डोकं वर काढते: ४७ ÷ ६ = ७.५. बाकी उचलून पॉइंटच्या पुढे ठेवली. बाकी ५ म्हणजे सहांतले पाच, दहांतले पाच नव्हेत. खरं उत्तर ७.८३३…, आणि ७.५ फक्त ४५ ÷ ६ चं असतं. कॅल्क्युलेटरवरून बाकी हवी असेल तर पॉइंटच्या आधीची पूर्ण संख्या घ्या, भाजकानं गुणा, भाज्यातून वजा करा: ७ × ६ = ४२, ४७ − ४२ = ५.

शून्याबद्दल थोडक्यात. ० ला ६ ने भागलं तर भागाकार ०, बाकी ०. यात अडचण काही नाही. ६ ला ० ने भागता येत नाही. मुलं कारण विचारतात आणि आपण 'तसा नियमच आहे' म्हणून वेळ मारून नेतो. कारण अटीतच आहे. बाकी भाजकापेक्षा लहान हवी. भाजक ० असेल तर बाकी शून्यापेक्षा लहान हवी, आणि अशी बाकी नसते. डब्यांच्या भाषेत, एका डब्यात ० लाडू भरत राहिलात तर कितीही डबे घ्या, लाडू तेवढेच राहतात.

शिष्यवृत्तीची तयारी करायची असेल तर चारही भागांवर फिरवून विचारलेले प्रश्न येतात. '२४ ने निःशेष भाग जाणारी सर्वांत मोठी चार अंकी संख्या कोणती?' ९९९९ ला २४ ने भागा: भागाकार ४१६, बाकी १५. ती बाकी काढून टाका, ९९८४. 'सर्वांत लहान चार अंकी संख्या?' १००० ला भागा: भागाकार ४१, बाकी १६. इथे बाकी वजा केली तर ९८४ होते, ती तीन अंकी. म्हणून पुढचा वाटा पूर्ण करायला जेवढे कमी पडतात, म्हणजे २४ − १६ = ८, ते मिळवा: १००८. वजा करायची ती बाकी, मिळवायचा तो भाजक वजा बाकी. हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी शेजारी-शेजारी करून घ्या, नाहीतर हमखास उलटे होतात.

आणि मसावि (महत्तम साधारण विभाजक, म्हणजे दिलेल्या संख्यांना निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या) भागाकार पद्धतीनं काढायला लागले की जागेवरून नावं ओळखणारी मुलं पुन्हा अडकतात, कारण तिथे दर ओळीला भूमिका बदलतात: मागच्या ओळीतला भाजक पुढच्या ओळीत भाज्य होतो आणि मागची बाकी भाजक होते. ९६ आणि १८० चा मसावि असा:

१८० = ९६ × १ + ८४
९६ = ८४ × १ + १२
८४ = १२ × ७ + ०

बाकी दर ओळीला भाजकापेक्षा लहान, म्हणजे ती घटतच जाते आणि कधी ना कधी शून्यावर येते. बाकी शून्य आली त्या ओळीतला भाजक, १२, हा मसावि. बरीच मुलं घाईत शेवटचा भागाकार, म्हणजे ७, उत्तर म्हणून लिहितात. तसं झालं तर काही समजावू नका, १८० ला ७ ने भागून बघायला सांगा. भागाकार २५, बाकी ५.